आषाढातली टंचाई आणि गावची बियाणे बँक: सुरुवात कुठून करावी?

डोंगरपायथा:
नाशिक जिल्ह्याच्या पेठ-त्र्यंबक पट्ट्यातल्या साठेक उंबऱ्यांच्या गावात महिला बचत गट बियाणे बँक सुरू करतोय, म्हणजे देशी बी वाटायचं आणि पीक आलं की परत घ्यायचं. देशी बियाणं जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंचं काम इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमचा मूळ प्रश्न पोटाचा आहे. आषाढ-श्रावणात घरची नागली (नाचणी) संपते, नवी यायला दिवाळी जवळ येते, मधल्या काळात रेशनच्या तांदूळ-गव्हावर भागवावं लागतं. किती वाणांपासून सुरुवात करावी? बी टिकवायचं कसं? आणि वाटलेलं बी परत कसं घ्यायचं?

राब_आवणी:
चाळीस वाणांच्या बरण्या मांडू नका. ते प्रदर्शन होतं, बँक नाही. पहिल्या वर्षी नागलीचे दोन वाण (एक हळवा म्हणजे लवकर येणारा, एक गरवा म्हणजे उशिरा येणारा), वरईचा एक आणि वालाचा एक एवढे पुरे.

टंचाईचं उत्तर हळव्या नागलीत आहे. ती साधारण १०० दिवसांत निघते, गरवी १२५-१३० दिवस घेते. म्हणजे नवं धान्य जवळजवळ महिनाभर आधी घरात येतं. अडचण अशी की एकट्याच शेतात हळवी पिकली तर गावची सगळी पाखरं तिथेच उतरतात. म्हणून पाच-सहा जणांनी लागून असलेल्या वावरांत एकदम लावावी. शिवाय काढणी पावसात सापडते आणि कणसातच दाणे उगवतात. त्यामुळे पिकतील तशी कणसं खुडत जा, एकदम कापायची वाट पाहू नका.

बियाण्याची निवड उभ्या पिकात करा, खळ्यावर नाही. बांधाकडची झाडं सोडून शेताच्या मधली, भरगच्च कणसांची निवडा आणि चिंधी बांधून ठेवा. ज्याची मान काळी पडलीय ते कणीस घेऊ नका. तो करपा रोग आहे, बियाण्यातून पुढच्या वर्षी रोपात येतो. खुडलेली कणसं ढीग घालून ठेवायची पद्धत खाण्याच्या नागलीला चालते. बियाण्याला नाही, ढीग आतून तापतो आणि उगवण मरते. पातळ पसरून वाळवा.

आवणीच्या (रोपं करून लावायच्या) नागलीला एकरी २ किलो बी पुरतं. पंचवीस घरांना प्रत्येकी २० गुंठ्यांचं द्यायचं तर २५ किलो, आणि वर १० किलो राखीव. रोपं २१ ते २५ दिवसांची असतानाच आवणी करा, रोपं जरड झाली की फुटवे कमी येतात.

कणगी:
साठवणीबद्दल. नागलीच्या बियाण्यात ओल १२ टक्क्यांच्या वर नको, वालात ९ च्या वर नको. यंत्र नसेल तर ढोबळ अंदाजासाठी कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर बी आणि चमचाभर कढईत भाजून गार केलेलं मीठ घालून हलवा आणि पाव तास ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर बी अजून ओलं आहे, परत उन्हात घाला. वाल दाताखाली टचकन फुटला पाहिजे. चेपला तर वाळलेला नाही.

वालाचा भुंगा शेतातूनच शेंगेत येतो, म्हणून नुसतं झाकण घट्ट लावून भागत नाही. चार मापटी वालाला तीन मापटी चाळलेली, पूर्ण गार राख मिसळा, मडकं भरून वर राखेचाच दोन बोटं थर द्या. राख कमी घातली की भुंगा वाट काढतोच. चिमूटभर राख टाकून "पारंपरिक पद्धत चालत नाही" म्हणणारे बरेच आहेत.

मे महिन्यात ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून उगवण बघा. आठ दिवसांत ७५ च्या खाली आली तर ते बी वाटू नका.

वसुली: नागली एक किलोला दोन किलो परत. या पिकाला ते जड नाही. वालाला दीडपट ठेवा. पीक बुडालं तर देणं पुढच्या वर्षावर न्या, दंड लावू नका, नाहीतर लोक येणं बंद करतात. राखीव बी नेहमी दुसऱ्या घरात ठेवा. एका आगीत किंवा एका उंदराच्या बिळात सगळं जाता कामा नये.

डोंगरपायथा:
दादा, फार उपयोगी. काकडी-दुधीचं बी धरलं की दुसऱ्या वर्षी फळ वेगळंच येतं, त्याचं काय? आणि रानभाज्यांवर आषाढ कितपत निघतो?

बीजसखी:
ताई, नागली-वरई स्वतःच्याच परागावर धरतात, म्हणून वाण टिकतो. वेलवर्गात मधमाश्या शेजारच्या वाणाचा पराग आणतात. ज्या मादी फुलामागे बारीक फळ दिसतं ते आणि एक नर फूल उमलण्याआधी दोऱ्याने हलकं बांधा. उमलायच्या वेळी नराचा पराग मादीवर फिरवा आणि मादी फूल पुन्हा बांधा. काकडी सकाळी उमलते, दुधी आणि दोडका संध्याकाळी. दुधी सकाळी करायला गेलात तर काहीच धरणार नाही.

रानभाज्यांनी भूक भागत नाही, ताट भरून निघतं. कुर्डू, टाकळा, माठ यांत जोखीम नाही, कोवळी पानं खुडायची. शेवळा मात्र खाजतो. आतला पिवळसर दाणेदार भाग काढून काकड नावाच्या रानझाडाच्या फळांच्या रसात किंवा चिंचेच्या कोळात शिजवल्याशिवाय खाऊ नये. कडूकंद काप करून राखेच्या पाण्यात उकळून, पाणी फेकून, रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवतात. एक पायरी चुकली तर विषबाधा होते. तो वाचून करू नका, गावातल्या जाणत्या बाईच्या हाताखालीच शिका.

लहान मुलांसाठी मे महिन्यातच नागलीचं सत्त्व करून ठेवा. १२ तास भिजवा, फडक्यात बांधून एक ते दीड दिवस मोड आणा, कडक उन्हात वाळवा, मोड चोळून काढा, मंद भाजा, दळा. मोड आल्याने पेज पातळ राहते, म्हणून त्याच वाटीत जास्त पीठ बसतं आणि लहान पोटाला जास्त अन्न मिळतं. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पॉलिशच्या तांदळात १० सुद्धा नसतं. पावसाळ्यात मोड आणू नका, वाळायच्या आत बुरशी धरते.

राब_आवणी:
एक राहिलं. कुणी "बी विकायला परवाना लागतो" म्हणून घाबरवलं तर २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा दाखवा. शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, वाटायचा, बदलायचा, विकायचाही हक्क त्यात आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी छापील ब्रँडच्या पिशवीत विकता येत नाही. आणि वरई भरडायच्या, म्हणजे टरफल काढायच्या, छोट्या यंत्राची सोय याच वर्षी बघा. उखळात कांडून बायकांचे हात भरून येतात. वरई शेतातून जाण्याचं ते मोठं कारण आहे.