सोडवून आणलेले वाघ, सिंह, बिबटे पाहिलेत? अनुभव सांगा

डेन्व्हरची_सई: रविवारी कोलोरॅडोत कीन्सबर्गच्या अभयारण्यात गेलो होतो. दीड मैल लांब उंच पूल. आपण वर, ते खाली मोकळ्या माळावर. २०११ साली बोलिव्हियातल्या सर्कशींमधून सोडवलेले २५ सिंह इथेच आणले. ते कळलं आणि मिरजेत लहानपणी पाहिलेला सर्कशीतला सिंह डोळ्यांपुढे आला. लोखंडी स्टुलावर बसवलेला, एका बाजूची आयाळ गजांना घासून गेलेली. मी टाळ्या वाजवल्या होत्या. रविवारी एक सिंहीण गवतात उताणी लोळत होती, चारही पाय वर. मला बोलताच येईना. तुम्हीही लिहा.

मोगरा: सर्कशीत वाघ-सिंह होते यावर माझ्या लेकीचा विश्वासच बसत नाही!

वर्धेकर: केंद्राने १९९८ ला बंदी घातली ना. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड.

जुन्नरकर: आमच्याकडे माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र. पण सांगायचंय वेगळंच. ऊसतोड चालू होती, पाचटात तीन बछडे निघाले. वनखात्याच्या माणसांनी संध्याकाळी त्याच जागी टोमॅटोच्या कॅरेटात ठेवले. रात्री ती आली. पंजाने कॅरेट कलंडवलं, एकेकाला मानेला धरून नेलं. तीन फेऱ्या. आमची आई ओसरीवर जागीच, "गेली का रं लेकरं?" डेअरीला निघालोय, बाकी नंतर.

मोगरा: तीन फेऱ्या!! काटा आला अंगावर. शेळ्या सांभाळा हो दादा.

जुन्नरकर: एक गेली ताई मागच्या महिन्यात. गोठ्याला जाळी मारलीय आता. राग येतो, खोटं कशाला बोलू. पण ती रात्र विसरत नाही.

वर्धेकर: गडचिरोलीतल्या हेमलकसाला जाऊन या सगळे. माडिया आदिवासींनी शिकार केलेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू प्रकाशभाऊ आमट्यांनी घरी आणलं, तिथून प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं. मी गेलो तेव्हा बिबट्या जाळीला गाल घासत होता, घरच्या मांजरासारखा.

मोगरा: दिवाळीत जमेल का? सासूबाई सोबत आहेत, गुडघे दुखतात त्यांचे.

वर्धेकर: जमेल की. आलापल्लीला मुक्काम करा, सकाळी निघा. पावसाळ्यात मात्र नको, नाले भरले की वाट बंद. कुकर लावलाय, येतो.

डेन्व्हरची_सई: जुन्नरकर दादा, आईंना माझा नमस्कार सांगा.

जुन्नरकर: सांगितला. विचारतेय, तिकडं बर्फात सिंहाला थंडी नाही का वाजत?

डेन्व्हरची_सई: जमिनीखाली काँक्रीटच्या गुहा केल्यात त्यांना, आत ऊब असते. सांगा काकूंना.