‘स्लेअर’ला मराठीत हाक कशी मारायची?

तळटीप

इंग्रजी संवाद भराभर आले की आईला कळत नाहीत, म्हणून तिच्यासाठी ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ या अमेरिकी मालिकेची मराठी सबटायटल्स लिहायला घेतली आहेत. पहिला सीझन बारा भागांचाच, तो निभावला. व्हॅम्पायरला ‘वेताळ’ लिहिलं आणि स्लेअरला ‘वेताळसंहारिणी’. दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्या भागात स्पाइक नावाचा व्हॅम्पायर आला आणि गाडी अडली. तो बफीला नावाने फारसा बोलवतच नाही, ‘स्लेअर’ म्हणतो. कधी डिवचायला, कधी धमकी द्यायला, आणि पुढे पुढे त्या एका शब्दात राग, आदर, प्रेम सगळंच येतं. ‘वेताळसंहारिणी’ वाचून होईपर्यंत त्याचा ठोसा बसून गेलेला असतो.

त्यात आई म्हणाली, “वेताळ रक्त कुठे पितो गं? तो तर भुतांचा राजा.” तेव्हा मला दोन-तीन अक्षरी, तोंडावर फेकता येईल असा शब्द हवाय ‘स्लेअर’साठी. आणि वेताळ ठेवू की काढू?

अवग्रह

आई बरोबर आहेत. वेताळ काढा. व्हॅम्पायर म्हणजे वेताळ हे समीकरण आपले नव्हेच, ते इंग्रज लेखक रिचर्ड बर्टन यांचे. वेताळ पंचविशीतल्या कथा त्यांनी १८७० साली ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ या नावाने इंग्रजीत आणल्या. इंग्रज वाचकाला ओळखीचे वाटावे म्हणून केलेली ती सोय होती. तीच आपण उलट्या दिशेने परत घ्यावी याचे मला वाईट वाटते. ‘रक्तपिशाच्च’ हा स्वच्छ शब्द उपलब्ध आहे.

स्लेअरसाठी ‘मर्दिनी’. महिषासुरमर्दिनी सर्वांना ठाऊक आहे, वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तीन अक्षरे आहेत, हाकही मारता येते.

रात्रपाळी

बर्टनने सोय केली असेल, पण या मालिकेपुरती ती सोय चपखल बसते, हे तुम्ही बघतच नाही आहात. पंचविशीतला वेताळ काय करतो? झाडाला लटकलेल्या मढ्यात शिरतो आणि त्या मढ्याच्या तोंडून बोलतो. आता बफीला शिकवणारा जाइल्स पहिल्या सीझनमध्ये व्हॅम्पायरबद्दल काय सांगतो ते आठवा. माणूस मरतो, त्याचा आत्मा निघून जातो आणि रिकाम्या देहात एक राक्षसी शक्ती येऊन राहते. आठवणी त्या माणसाच्या, चेहरा त्याचा, आत राहणारा मात्र दुसराच. रक्त पिण्याचा भाग सोडला तर हा आपला वेताळच झाला.

उलट ‘पिशाच्च’ लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात येतो भटकणारा अतृप्त आत्मा. आपल्याकडे भूत म्हणजे देह गमावलेला आत्मा. या मालिकेत नेमकं उलटं आहे, आत्मा गमावलेला देह. मी ही मालिका रात्री जागून सीडीवर पाहिली तेव्हा एंजल या व्हॅम्पायरच्या शापाशी माझं डोकं पार अडकलं होतं. आत्मा परत मिळणं ही शिक्षा कशी काय? आपल्याला तर आत्मा सुटावा असं वाटतं. दोन-तीनदा पाहिल्यावर कळलं की तिथे ‘सोल’ म्हणजे जवळपास सदसद्विवेक. १८९८ साली शापाने आत्मा परत मिळाल्यापासून तो केलेल्या पापांनी जळतोय. तळटीप, तुम्ही तिथे ‘आत्मा’ लिहिलं असेल तर त्याचाही विचार करा. मला ‘रक्तपिशाच्च’पेक्षा तो प्रश्न मोठा वाटतो.

तळटीप

‘आत्मा’च लिहिलं आहे. ‘विवेक’ लिहून पाहिलं होतं, पण ‘त्याचा विवेक परत आला’ म्हटलं की दारूची उतरल्यासारखं वाटतं.

जुना कोश

‘मर्दिनी’ला माझा विरोध आहे, आणि तो अर्थावरून आहे. मर्दन म्हणजे ठार मारणं नव्हे, चुरडणं, रगडणं. अंगाला तेल लावून करतात तेही मर्दनच. कालियामर्दनात कालिया मरत नाही, शरण येतो आणि निघून जातो. स्लेअरच्या हातून सुटून गेलेला व्हॅम्पायर पुढच्या भागात परत येतो, म्हणजे तिचं काम झालेलं नसतं.

आता ‘स्ले’ हे क्रियापद बघा. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ फक्त ‘आघात करणे’. जर्मन ‘श्लागेन’ त्याच घराण्यातलं, तिथे आजही त्याचा अर्थ मारणे, ठोकणे. इंग्रजीत ते आघातावरून वधावर आलं. आणि मराठीत? ‘मारणे’! मुलाला मारलं म्हणजे चापट दिली, वाघ मारला म्हणजे जीव घेतला. दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात अजून नांदत आहेत, म्हणून तर वेळेला ‘जीवे’ मारलं असं सांगावं लागतं. असा तंतोतंत जोड सापडत असताना संस्कृतकडे कशाला धावायचं?

शब्द घडवायची रीतही घरचीच आहे: वाघमारे. वाघ मारणाऱ्याच्या घराण्याला जे नाव पडलं त्याच चालीवर ‘भूतमारी’. हाक मारायची तर नुसतं ‘मारी’.

बोरू

मारणे फार झिजलंय हो. आपण हाक मारतो, गप्पा मारतो, बुडी मारतो, डुलकी मारतो, थापा मारतो. या धाग्याच्या नावातही मारायचंच आहे. ‘मारी’ ऐकून कुणाच्याही अंगावर काटा येणार नाही.

माझं मत ‘कर्दनकाळ’. बफी ही व्हॅम्पायरांची कर्दनकाळ. काय दणका आहे शब्दात!

जुना कोश

दणका आहे, पण तो पुल्लिंगी आहे आणि उपमेसारखा वापरतात. फलंदाज गोलंदाजांचा कर्दनकाळ ठरतो. स्लेअर हे पद आहे, नेमणूक आहे. एक मेली की दुसरीला बोलावणं येतं. ‘ठरण्या’चा प्रश्नच नाही.

सातवा सीझन

पदावरून आठवलं, अनेकवचनाचा विचार कुणीच केलेला नाही. ही मालिका १० मार्च १९९७ ला सुरू झाली आणि २० मे २००३ ला संपली. सात सीझन, १४४ भाग, आणि सगळ्याचा शेवट एका अनेकवचनावर आहे. प्रत्येक पिढीत एकच मुलगी निवडली जाते या नियमाने सुरुवात. शेवटच्या भागात बफी ती शक्ती होऊ घातलेल्या सगळ्या मुलींमध्ये वाटून टाकते. मैदानात बॅट घेऊन उभी असलेली ती लहान मुलगी, तिचा चेहरा बदलतो ना, तिथे मी दर वेळी रडते. ‘स्लेअर’चं ‘स्लेअर्स’ होणं हा त्या गोष्टीचा कळस आहे.

आता सांगा, ‘मर्दिनी’चं अनेकवचन काय? मर्दिनीच. शब्दात काही घडतच नाही. सात वर्षं ज्या बदलाकडे आपण चालत होतो तो मराठीत दिसणारच नाही. ‘भूतमारी’चं निदान ‘भूतमाऱ्या’ तरी होतं.

अवग्रह

मराठीत वचन क्रियापदावरूनही कळते. ‘मर्दिनी उठली’ आणि ‘मर्दिनी उठल्या’. बिघडले कुठे? शिवाय एकच स्लेअर हा नियम तरी कुठे टिकला? पहिल्या सीझनच्या शेवटी बफी काही क्षण मरते आणि त्यामुळे केंड्रा येते. केंड्रानंतर फेथ. दुसऱ्या सीझनपासूनच त्या दोन आहेत.

सातवा सीझन

दोन होणं हा अपघात होता. सगळ्या होणं हा निर्णय होता. तो निर्णय मला नामात दिसायला हवा.

रात्रपाळी

व्याकरण निघालंच आहे तर सर्वनामाचंही बघा. इंग्रजीत व्हॅम्पायरला बहुतेकदा ‘ही’ किंवा ‘शी’ म्हणतात. आपल्याकडे भूत ते, पिशाच्च ते, वेताळ मात्र तो, हडळ ती. दुसऱ्या भागात जेसी व्हॅम्पायर झाल्यावर जाइल्स बफीच्या मित्राला, झँडरला, बजावतो की समोर उभा आहे तो तुझा मित्र नव्हे, तुझ्या मित्राला मारणारं जे काही आहे ते आहे. हे मराठीत किती सहज येतं! नुसतं ‘तो’चं ‘ते’ केलं की झालं. पुढे एंजलचा आत्मा गेला की ‘ते’, परत आला की ‘तो’. इंग्रजीला ज्यासाठी अख्खं वाक्य खर्चावं लागतं ते आपल्याला एका अक्षरात मिळतं. तळटीप, ही संधी सोडू नका.

तळटीप

हे फार आवडलं. पण मग स्पाइकचं काय? आत्मा मिळण्याआधीच, सहाव्या सीझनच्या कितीतरी आधीपासून, तो ‘ते’ राहिलेलाच नाही. बफीच्या बहिणीला, डॉनला सांभाळतो, ग्लोरी या खलनायिकेने छळलं तरी डॉनचं गुपित फोडत नाही. माझ्या हातून त्याला ‘ते’ लिहवणार नाही.

बोरू

म्हणजे जाइल्सचा सिद्धांत चूक होता असं तुम्ही सर्वनामातून म्हणताय. मालिकासुद्धा हळूहळू तेच म्हणते.

अवग्रह

विषय भरकटतो आहे. माझी खंत अशी, की इथे अर्धे लोक ‘व्हॅम्पायर’, ‘सीझन’, ‘स्लेअर’ तसेच वापरून मोकळे होत आहेत. मराठीत भूतयोनीचे शब्द थोडे आहेत का? मुंजा, समंध, खवीस, जखीण, हडळ, ब्रह्मराक्षस. प्रत्येकाचा मेल्याचा प्रकार वेगळा, स्वभाव वेगळा. एवढे भांडार घरात असताना उसनवारी कशाला?

जुना कोश

भांडार आहे म्हणूनच अडचण आहे. मुंजा म्हटलं की मुंज झालेला मुलगा आणि पिंपळ आलाच. हे शब्द रिकामी भांडी नाहीत, प्रत्येकात आधीच काहीतरी शिजलेलं आहे. आणि उसनवारी म्हणाल तर ‘व्हॅम्पायर’ हा शब्द इंग्रजीचा तरी कुठे आहे? अठराव्या शतकात सर्बियातल्या गावांमधून थडग्यातून उठणाऱ्या मेलेल्यांच्या बातम्या आल्या, सरकारी अहवाल लिहिले गेले. तिथला ‘वाम्पीर’ जर्मन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत पोचला. रक्त पिणाऱ्या वटवाघळांना हे नाव त्यानंतर मिळालं. ती तर मूळची अमेरिका खंडातली, सर्बियातल्या शेतकऱ्याने कधी पाहिलेलीही नाहीत. सगळ्या युरोपने हा शब्द उसना घेतला, मग आपणच का लाजावं?

सातवा सीझन

आणि मालिकेची स्वतःची भाषा कशी आहे ते विसरू नका. ती मुलं इंग्रजी मोडतात, वाकवतात. कुठल्याही शब्दाला प्रत्यय लावतात, ‘स्लेएज’ म्हणतात. विशेषणापुढे नुसतं ‘मच’ जोडून प्रश्न करतात. मायकल ॲडम्स या भाषाअभ्यासकाने त्यावर ‘स्लेअर स्लँग’ नावाचा अख्खा कोश केला, २००३ मध्ये ऑक्सफर्डने छापला. अशा सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडी ‘रक्तपिशाच्च’ आणि ‘मर्दिनी’ घातलं तर ती बफी राहील का? ती ‘स्लेअरगिरी’ म्हणेल, आणि खुशाल म्हणू दे.

अवग्रह

सोळा वर्षांच्या मुलीची भाषा म्हणजे इंग्रजी-मिश्रित भाषाच, हे मला मान्य नाही. मराठीही मोडता येते, वाकवता येते. आधी ती हातात घ्यावी लागते.

बोरू

हे मात्र खरं. माझी एक आवडती व्युत्पत्ती सांगतो, पुरावा मागू नका. व्हॅम्पायरच्या छातीत खुपसायच्या स्टेकला तळटीप ‘खुंटी’ किंवा ‘मेख’ लिहीत असतील. मी ‘सूळ’ लिहीन. सुळावर देणं आपल्याला माहीत आहे, आणि व्हॅम्पायरचे ते लांब दात म्हणजे सुळे. माझ्या मते दोन्ही एकाच ‘शूल’मधून आले. म्हणजे मराठीत बफी सुळ्याला सुळानेच उत्तर देते. स्पाइक हे नावही रेल्वेच्या रुळांच्या खिळ्यांवरून पडलेलं.

तळटीप

मी ‘खुंटी’ लिहिलं होतं. आजच बदलते.

स्पाइकचं दुसरं नाव त्याहून अवघड आहे, ‘विल्यम द ब्लडी’. तीन सीझन आपल्याला वाटतं की रक्तपातावरून पडलं असेल. पाचव्या सीझनमध्ये कळतं की माणूस असताना तो कविता करायचा, आणि त्या ‘ब्लडी’ वाईट होत्या. ‘ब्लडी’ म्हणजे रक्ताळलेला आणि तीच शिवीही. मराठीत रक्ताची शिवी कुठून आणू?

रात्रपाळी

रक्ताची नाही, पण मरणाची आहे. ‘मेल्या’!

सातवा सीझन

अरे! तो खरंच मेलेला आहे! बफीने स्पाइकला ‘मेल्या’ म्हणायचं. शब्दशः खरं, शिवी म्हणूनही खरं, आणि जिच्या तोंडून येतं तिची मायाही लपत नाही. पाचव्या-सहाव्या सीझनमधलं त्यांचं सगळं नातं त्यात आलं.

अवग्रह

उत्तम. हे मराठीशिवाय सुचले नसते.

जुना कोश

पण ‘मेल्या’ ही बायकांच्या बोलण्यातली शिवी आहे. झँडर म्हणू शकणार नाही. त्याला ‘मुडद्या’ द्यावं लागेल.

बोरू

का नाही म्हणू शकणार? माझे आजोबा बैलालासुद्धा ‘मेल्या’ म्हणायचे.

जुना कोश

बैलाला. माणसाला म्हणायचे का?

तळटीप

दोन दृश्यांत ‘मेल्या’ घालून आईला दाखवलं. ती हसली, मग म्हणाली, “हिचा जीव आहे त्याच्यावर.” अजून ते भाग यायचे आहेत, मी काहीच सांगितलेलं नाही तिला.

‘स्लेअर’च्या जागी सध्या ‘स्लेअर’च आहे. जाइल्सचं ‘वॉचर’ हे पद मात्र आजच अडलंय. ‘निरीक्षक’ म्हटलं की पोलीस डोळ्यांपुढे येतो.

बोरू

राखणदार.

अवग्रह

राखणदार जागेचा असतो, मुलीचा नव्हे.