मदत हवी आहे: जुन्या रिपोर्टवर ‘एस्पर्जर’, भावाला तो शब्द नको

भावाचं (वय 22) निदान 2011 चं, रिपोर्टवर ‘एस्पर्जर सिंड्रोम’. 2013 च्या डीएसएम-5 (मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरलं जाणारं अमेरिकन पुस्तक) पासून ते नाव ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डरमध्येच धरतात, हे माहीत आहे. ज्याच्यावरून हे नाव पडलं त्या डॉक्टर हान्स एस्पर्जरने व्हिएन्नात नाझी काळात मुलांना आम श्पीगलग्रुंडला (जिथे अपंग मुलांना मारलं जायचं त्या दवाखान्यात) पाठवलं, हे वाचल्यापासून भावाला तो शब्द अजिबात नकोय. ‘मी ऑटिस्टिक आहे’ असं तो सरळ सांगतो. ‘ऑटिझम असलेला’ म्हटलं तरी तिथल्या तिथे दुरुस्त करतो, आणि मला त्याचं पटतं. आई-बाबांना मात्र ‘एस्पर्जर’ सौम्य वाटतं. पाहुण्यांसमोर तेच सांगतात आणि तो ताटावरून उठून जातो.

आता यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढायचंय. मूळ रिपोर्ट आहे, पण ते डॉक्टर निवृत्त झालेत, नवीन पत्र मिळत नाही. दवाखान्यातली गर्दी, आवाज त्याला झेपत नाही, त्यामुळे फेऱ्या कमीत कमी हव्यात. आई-बाबांना लेख वाचायला दिले, उपयोग झाला नाही.

जुन्या रिपोर्टवर जिल्हा रुग्णालयात काम झालंय का कुणाचं, की आधी नव्याने निदान करून घ्यावं लागलं? आणि इथल्या ऑटिस्टिक मंडळींना विचारायचंय: घरच्यांनी तुमचा शब्द वापरावा म्हणून तुम्ही त्यांच्याशी नेमकं काय बोललात?