ठेकेदाराकडं बारा तासांची पाळी : ओटी (ओव्हरटाइम), पीएफ कसं तपासायचं?

रांजणगावकर
वाळूजला ठेकेदारामार्फत प्रेस शॉपचं (पत्रा दाबून भाग बनवतात तो विभाग) काम. महिन्याचा बेसिक-डीए (मूळ पगार व महागाई भत्ता) १३,०००. पाळी बारा तास, त्यात अर्धा तास जेवण. ओटी सिंगल, म्हणजे जादा तासांनाही नेहमीचाच दर. पीएफचे ३,१२० कापतात, पासबुकात मालकाचे फक्त ४७७ दिसतात. ठेकेदार म्हणतो, सगळीकडं असंच हाय.

हिशेबनीस
सगळीकडं असेल, कायद्यात नाही. १३,००० भागिले २६ दिवस म्हणजे रोजचे ५००, भागिले ८ तास म्हणजे तासाला ६२.५०. ओटी याच्या दुप्पट, तासाला १२५. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ५९ हेच सांगत होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या श्रमसंहितेतही दुप्पटच आहे. बारातून जेवणाचा अर्धा आणि नेहमीचे आठ तास वजा करून रोजचे साडेतीन तास धरा: ४३७.५० हवेत, मिळतात २१८.७५. २६ दिवसांत ५,६८७.५० गेले.

४७७ मात्र बरोबर आहेत. मालकाच्या १२ टक्क्यांतले, म्हणजे १,५६० मधले, ८.३३ टक्के (१,०८३) पेन्शनला जातात, उरलेले पीएफला. खरी गोम ३,१२० मध्ये आहे. तुमचा वाटा १,५६०. मालकाचाही तुमच्याच पगारातून काढलाय. हे बेकायदेशीर.

जुना फिटर
भाऊ, हिशेब बरोबर, पण तास सिद्ध कशानं करणार? ओटीचे पैसे पगाराच्या स्लिपवर 'इन्सेंटिव्ह' म्हणून दाखवतात, नाहीतर रोख देतात. रोजची आत-बाहेरची वेळ आणि मशीन नंबर वहीत लिहा, स्लिपा व बँक पासबुक जपा. शॉपमध्ये फोटो नको, त्याच निमित्तानं गेटपास काढून घेतात. तक्रार कामगार उपायुक्तांकडं, शक्यतो चार-पाच जणांनी मिळून. अर्जात ठेकेदारासोबत कंपनीचंही नाव घाला. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर देणं कंपनीवर येतं.

हिशेबनीस
अजून एक. ठेकेदार बदलला की नवा यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) काढू देऊ नका, जुनाच द्या. सेवा तुकड्यांत पडली की पेन्शनची १० वर्षं जुळवताना नाकी नऊ येतात. जुन्यानं सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर २ महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर स्वतः टाकता येते. आधारवरचं नाव मात्र अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

रांजणगावकर
ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) ९८ कापतात, तेही जास्त का?

जुना फिटर
नाही. ०.७५ टक्के म्हणजे ९७.५०, वरचा रुपया धरतात. पण भरणा होतोय का ते बघा. सहामाहीत ७८ दिवसांचा भरणा नसेल तर आजारपणातला ७० टक्के पगार मिळत नाही.