शब्दचर्चा: शेलमधल्या 'किल'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: बॅश या शेलमधल्या (कमांड टाइप करून संगणक चालवायच्या प्रोग्रॅममधल्या) कीबोर्ड शॉर्टकटांवर मराठीत टिपण लिहितेय. कंट्रोल-के कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर 'किल' करतं. 'खोडणे' चालेल?

— नको. बॅकस्पेसने जातं ते खोडलेलं. किल केलेलं किल-रिंग नावाच्या साठ्यात जमा होतं आणि कंट्रोल-वायने परत येतं. दोन्हीकडे 'खोडणे' लिहिलंत, तर कंट्रोल-यूने लांबलचक कमांड गेली की वाचणारा बिचारा ती पुन्हा टाइप करत बसेल. 'कापणे' लिहा.

— 'कापणे'ला +१. मग कंट्रोल-वायच्या 'यँक'ला 'चिकटवणे'?

— तिथे घोळ आहे. बॅशचं ओळ-संपादन रीडलाइन ही लायब्ररी सांभाळते आणि तिचे शॉर्टकट मुळात ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या वळणाचे. तिथे यँक म्हणजे कापलेलं परत आणणं. व्हीआय हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांचं यँक म्हणजे नुसती नक्कल उचलणं, मूळ मजकूर जागच्या जागी. शिवाय माउसने कॉपी केलेलं कंट्रोल-वायने येत नाही, कारण किल-रिंग आणि क्लिपबोर्ड वेगळे. म्हणून 'परत आणणे'च बरं.

— आणि 'बाइंड'ला 'कळबंध' वगैरे कुणी सुचवू नका, हात जोडतो! 'कळ नेमून देणे' म्हटलं की समजतं. होम फोल्डरमधल्या .इनपुटआरसी या रीडलाइनच्या सेटिंग फाइलीत कळ, कोलन आणि फंक्शनचं नाव लिहायचं. वरच्या बाणाला हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड नेमून दिलं, की 'गिट' टाइप करून बाण दाबल्यावर गिटने सुरू होणाऱ्या जुन्या कमांडच येतात. बदल लगेच हवा तर कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आर.

प्रश्नकर्ती: छान. 'शब्द' तरी सरळ आहे ना? 'मागचा शब्द कापतो' असं दोन शॉर्टकटांपुढे लिहिलंय.

— तोच जास्त फसवा! कंट्रोल-डब्ल्यूच्या लेखी शब्द म्हणजे दोन मोकळ्या जागांमधलं सगळं; फाइलचा अख्खा पाथ एका फटक्यात जातो. ऑल्ट-बॅकस्पेस फक्त अक्षरं-अंक धरतो, त्यामुळे स्लॅशपाशी थांबतो. पहिल्यापुढे 'मोकळ्या जागेपर्यंत कापतो' लिहा.

— कंट्रोल-डब्ल्यूलाही स्लॅशपाशी थांबवायचं, तर .इनपुटआरसीत त्या कळेला ऑल्ट-बॅकस्पेसचं काम नुसतं नेमून भागत नाही. ती कळ टर्मिनलच्या खास कळांपैकी असल्याने रीडलाइन तिचा जुना अर्थच पुन्हा लावते. आधी 'सेट बाइंड-टीटीवाय-स्पेशल-चार्स ऑफ' ही ओळ घाला. टिपणात हे टाकाच, लोक इथेच अडतात.