ब्रिटनमधील गाडीच्या पीसीपी करारात न सांगितलेले डीलर कमिशन: पुण्यातून तक्रार करण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमध्ये रेडिंगला काही वर्षे राहून आम्ही २०२२ च्या अखेरीस कायमचे पुण्याला परतलो. तिथे असताना २०१८ मध्ये यजमानांच्या नावावर एक वापरलेली गाडी पीसीपीवर घेतली होती. ही पद्धत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: सुरुवातीला थोडी रक्कम, मग मासिक हप्ते आणि शेवटी आधीच ठरलेली मोठी रक्कम भरून गाडी आपली करायची किंवा ती न भरता गाडी परत द्यायची. आम्ही चार वर्षे हप्ते वेळेवर भरले आणि गाडी परत दिली. करारपत्रावर कर्ज १४,००० पौंड, एपीआर, म्हणजे वार्षिक व्याजदर, ८.९ टक्के आणि एकूण व्याज ३,४०० पौंडांच्या घरात दिसते. या व्याजातला काही भाग आम्हाला न सांगता डीलरच्या खिशात गेला असावा, अशी शंका आता येते आहे.

शंकेला कारण आहे. विक्रेत्याने व्याजदराबद्दल अवाक्षरही काढले नव्हते. "महिन्याला किती झेपेल?" एवढेच विचारून त्याने संगणकात दोनतीन आकडे बदलले आणि पडदा आमच्याकडे वळवला. त्याच सुमारास माझ्या दिरांना दुसऱ्या गावात, जवळपास तेवढ्याच पगारावर, ५.९ टक्क्यांनी कर्ज मिळाले होते. आमच्या कागदांत शेवटच्या पानावर बारीक टाइपात, वित्तसंस्थेकडून डीलरला कमिशन मिळू शकते, अशा अर्थाचे एक वाक्य आहे. ते प्रत्यक्षात मिळाले का, किती मिळाले आणि दर चढवला की तेही चढते का, यातले काहीच त्यावरून कळत नाही.

आतापर्यंत वाचून समजले ते असे. पूर्वी अनेक वित्तसंस्था डीलरला ठरावीक मर्यादेत व्याजदर ठरवण्याची मुभा देत असत आणि दर जितका जास्त तितके डीलरचे कमिशन जास्त, असा व्यवहार होता. ब्रिटनमधील वित्तसंस्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने, म्हणजे एफसीएने, २०१९ मध्ये असे म्हटले होते की १०,००० पौंडांच्या नेहमीच्या कर्जावर यामुळे ग्राहकाला सुमारे १,१०० पौंड जादा व्याज पडू शकते. पुढे २८ जानेवारी २०२१ पासून या पद्धतीवर बंदी आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ग्राहकांच्या बाजूने फार व्यापक निकाल दिला, पण १ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा बराचसा भाग फिरवला. डीलर हा ग्राहकाचा विश्वस्त नसतो, तो स्वतःचा माल विकत असतो, असे न्यायालयाने म्हटले. तीनपैकी एकाच ग्राहकाचा दावा टिकला, तोही १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यातील कर्ज देणारा आणि घेणारा यांच्यातील अन्याय्य संबंधांच्या कलमाखाली. त्याने २०१७ मध्ये जुनी सुझुकी घेतली होती आणि डीलरचे कमिशन १,६५०.९५ पौंड, म्हणजे कर्जाच्या एकूण खर्चाच्या (व्याज आणि शुल्क मिळून) तब्बल ५५ टक्के होते.

माझे प्रश्न असे आहेत. आम्ही आता ब्रिटनचे रहिवासी नाही, तिथले बँक खातेही बंद केले आहे, तरी तक्रार करता येते का? करार यजमानांच्या नावावर असताना पत्रव्यवहार मी केला तर चालतो का? एफसीएने ऑक्टोबर २०२५ मध्ये भरपाई योजनेचा मसुदा काढला, तर त्या योजनेची वाट पाहत थांबावे की आत्ताच पत्र पाठवावे? शेवटचे म्हणजे, एका दावे चालवणाऱ्या कंपनीचा व्हॉट्सअॅपवर लकडा लागला आहे. भरपाईच्या ३० टक्के अधिक व्हॅट देण्याच्या अटीवर ते सर्व काही करू म्हणतात. आमच्या ओळखीच्या एकांनी सही करूनही टाकली आहे. ज्यांनी स्वतः हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद: हॅरोकर

सही करू नका, हे आधी सांगतो. ३० टक्क्यांवर २० टक्के व्हॅट म्हणजे ३६ टक्के झाले. एफसीएच्या ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात भरपाईची सरासरी करारामागे सुमारे ७०० पौंड धरली होती. त्यातले २५२ पौंड एक पत्र पाठवण्यासाठी द्यायचे, हे मला तरी पटत नाही. तक्रार करायला एक पैसा लागत नाही.

रहिवासाची अडचण नाही. करार ब्रिटनमधला आणि वित्तसंस्था तिथली असल्यामुळे, ग्राहक आज कुठे राहतो यावर तक्रारीचा हक्क अवलंबून नाही. वित्तसंस्थांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारा फायनान्शियल ओम्बड्समनही परदेशात राहणाऱ्यांच्या तक्रारी घेतो. तुमच्या बाबतीत थांबण्यात मात्र खरा तोटा आहे. ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यानुसार, योजना सुरू होण्याआधी ज्यांनी तक्रार केली आहे ते आपोआप योजनेत धरले जातील, आणि ज्यांनी केली नाही त्यांना वित्तसंस्थेने शोधून पत्र पाठवायचे आहे. तुमचे ते पत्र रेडिंगच्या जुन्या घरी जाऊन पडेल आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

पत्र डीलरला नव्हे, करारावर नाव असलेल्या वित्तसंस्थेला पाठवा. यजमानांचे पूर्ण नाव, जन्मतारीख, तेव्हाचा आणि आत्ताचा पत्ता, गाडीचा नोंदणी क्रमांक आणि करार क्रमांक द्या. कमिशन दिले होते का, किती, ते व्याजदराशी जोडलेले होते का आणि डीलरला आधी याच संस्थेकडे जाण्याचे बंधन होते का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. सोबत यूके जीडीपीआर या ब्रिटनच्या माहितीसंरक्षण कायद्याखाली त्यांच्याकडची सगळी वैयक्तिक माहिती मागा. ती विनाशुल्क आणि साधारणपणे एका महिन्यात द्यावी लागते. तक्रारीच्या अंतिम उत्तराची आठ आठवड्यांची मुदत २०२५ मध्ये स्थगित होती, त्यामुळे आधी "तक्रार मिळाली" एवढेच उत्तर आले तर निराश होऊ नका. पत्रव्यवहार तुम्ही केलात तरी चालेल, फक्त यजमानांच्या सहीचे संमतिपत्र जोडा.

आता तुमचे आकडे. ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात ६ एप्रिल २००७ ते १ नोव्हेंबर २०२४ दरम्यानचे करार येत होते, म्हणजे तुमचा त्यात बसत होता. दर वाढवून कमिशन वाढवण्याची मुभा डीलरला होती आणि ती तुमच्यापासून लपवली होती, असे निघाले तर मसुद्यानुसार तेवढे पुरेसे होते. ती नव्हती असे निघाले तर कमिशन एकूण कर्जखर्चाच्या ३५ टक्के आणि शिवाय कर्जाच्या १० टक्के, अशा दोन्ही रेषा ओलांडणारे लागेल, असे मसुद्यात होते. तुमच्या बाबतीत पहिली सुमारे १,१९० पौंडांवर आणि दुसरी १,४०० वर येते, म्हणून १,४०० चा आकडा लक्षात ठेवा. तिसरा मार्ग न सांगितलेल्या बंधनाचा, आणि त्यासाठीच वरचा शेवटचा प्रश्न विचारायचा. दिरांच्या दराशी केलेली तुलना पत्रात घालायला हरकत नाही, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. वित्तसंस्था पतगुणांकाचा फरक पुढे करेल.

प्रतिसाद: धागाकर्ती

मनापासून आभार. जुन्या पत्त्याचा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता. भरपाई मंजूर झालीच तर ती भारतातल्या खात्यात मिळते का?

प्रतिसाद: हॅरोकर

ते वित्तसंस्थेवर आहे, म्हणून पत्रातच लिहून ठेवा की रक्कम धनादेशाने न पाठवता यजमानांच्या भारतातील खात्यात थेट जमा करावी. पौंडांचा धनादेश पुण्यात वटवणे म्हणजे डोकेदुखी आहे. आणि "तुमची भरपाई मंजूर झाली आहे, खात्याचा तपशील द्या" असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्या. योजनेच्या नावाने असा फोन करणारा बहुधा भामटाच असतो.