बिल्ड स्क्रिप्टमधील कमांड सापडत नाही, तरीही पॅकेज तयार होते

प्रश्न

मी डेबियन या लिनक्स वितरणासाठी एका लहान प्रोग्रॅमचे पॅकेज तयार करत आहे. त्याचे मॅन पेज (प्रोग्रॅमचे मदतपान) 'हेल्प2मॅन' ही कमांड तयार करते आणि तिचे आउटपुट पाइपमधून (एका कमांडचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या दुव्यातून) थेट 'जीझिप' या फाइल संकुचित करणाऱ्या कमांडकडे जाते. माझ्या संगणकावर सर्व सुरळीत चालते. 'एसबिल्ड' या बिल्ड-साधनाच्या स्वच्छ क्रूटमध्ये (फक्त जाहीर केलेली पॅकेजेस असलेल्या वेगळ्या वातावरणात) मात्र लॉगमध्ये 'हेल्प2मॅन: नॉट फाउंड' अशी ओळ येते, तरीही बिल्ड यशस्वी ठरतो आणि पॅकेजमध्ये 20 बाइटचे कोरे मॅन पेज जाते. स्क्रिप्टच्या आरंभी 'सेट -ई' (कमांड अपयशी होताच स्क्रिप्ट थांबवणारी सूचना) असूनही बिल्ड का थांबत नाही?

उत्तर 1

पाइपलाइनचा एक्झिट कोड (0 म्हणजे यश, इतर अंक म्हणजे अपयश) म्हणजे तिच्यातील शेवटच्या कमांडचा कोड. कमांड न सापडल्यामुळे शेलने (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) 127 दिला खरा, पण 'जीझिप'ने रिकामे इनपुट बिनतक्रार संकुचित करून 0 परत केला आणि 'सेट -ई'ला तेवढाच दिसला. बॅश या शेलमधील 'पाइपफेल' (पाइपमधील कोणतीही कमांड अपयशी झाल्यास संपूर्ण पाइपलाइन अपयशी ठरवणारा पर्याय) येथे गृहीत धरू नका, कारण 2011 मधील डेबियन 6 पासून तेथील मूळ 'एसएच' म्हणजे बॅश नसून डॅश हा वेगळा शेल आहे.

मुळात या पाइपची गरजच नाही. मॅन पेज संकुचित करण्याचे काम डेबहेल्पर या डेबियनच्या साधनसंचातील 'डीएच_कॉम्प्रेस' करते. आउटपुट फाइलचे नाव 'हेल्प2मॅन'च्या '-ओ' या पर्यायाने द्यावे. '>' वापरल्यास कमांड शोधण्यापूर्वीच शेल रिकामी फाइल निर्माण करतो, आणि पुढच्या वेळी मेक हे बिल्ड-साधन तीच फाइल तयार आहे असे समजून तो टप्पा वगळते. हा दोष पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे, कारण तेव्हा लॉगमध्येही काही दिसत नाही.

उत्तर 2

वरील दुरुस्तीने बिल्ड योग्य ठिकाणी थांबेल. तो पूर्ण होण्यासाठी 'बिल्ड-डिपेंड्स'मध्ये (बिल्डसाठी लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) 'हेल्प2मॅन' लिहावे लागेल. आपल्या संगणकावर ते पूर्वीच बसवलेले असल्यामुळे ही उणीव झाकली गेली. कमांडचे आणि पॅकेजचे नाव नेहमी एकच असेल असेही नाही: 'आरएसव्हीजी-कन्व्हर्ट' ही कमांड 'लिबआरएसव्हीजी2-बिन'मध्ये असते, तर 'एमएसजीएफएमटी' ही 'गेटटेक्स्ट'मध्ये. अशा वेळी कमांड कोणत्या पॅकेजमध्ये आहे हे शोधण्यासाठी 'एपीटी-फाइल सर्च' वापरावे.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. 'कमांड -व्ही'ने कमांड उपलब्ध आहे का ते आधी तपासून, कमांड नसल्यास मॅन पेजचा टप्पा वगळला तर चालेल का?

उत्तर 2

कृपया तसे करू नका. त्याने एकाच सोर्सपासून दोन संगणकांवर दोन वेगळी पॅकेजेस तयार होतील आणि त्याचे कारण कोणालाही उमगणार नाही. मूळ प्रकल्पाची स्क्रिप्ट अनेक वितरणांवर चालत असेल तर ती तपासणी जरूर ठेवावी, मात्र कमांड नसल्यास स्पष्ट संदेश देऊन शून्येतर कोडने बाहेर पडावे. मॅन पेज खरोखर ऐच्छिक असेल तर ते वगळण्यासाठी कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये (बिल्डपूर्वी पर्याय ठरवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) स्वतंत्र पर्याय द्यावा, म्हणजे तो निर्णय पॅकेज बनवणारा जाणीवपूर्वक घेईल.